एक पॉइंट पस्तीस

दोन हजार सहाशे सहासष्ट.
हिरव्या पट्टीवरच्या स्टिकरवर छापलेला आकडा,
तिची नेमून दिलेली चाल.
सुगतनं ती सीताबर्डीतून आणली, सेकंड हॅण्ड,
बिल नाही, डबा नाही,
आणि समुद्रपूरच्या बस स्टँडमागे
पत्र्याखाली जिथे आम्ही लग्नांचे व्हिडिओ कापतो-जोडतो,
तिथे रात्री साडेअकराला तिला सांगितलं,
आजपासून तीन हजार दोनशे.

ती गप्प.
पडदा काळा. पंखा तेवढा फिरत राहिला,
जसा रिकाम्या वर्गात फिरतो.
मग तीन बीप.
सुगतनं बटणाएवढा सेल उपसला,
तीसपर्यंत मोजलं, परत बसवला.
आता मशीनला काहीच आठवत नव्हतं,
आजची तारीख नाही,
आपण आत्ताच हरलो हेही नाही.
पुन्हा विचारायला हे बरं असतं.

त्याचे वडील, तेजरामबाबा, दारात बाजेवर.
एकोणतीस वर्षं लाईनमन,
डाव्या हाताला तीन बोटं.
"कितीची हाय थे?"
"सव्वीसशेची."
"अन् पळवतं कितीवर?"
"बत्तीसशे."
बाबा हसले, खोकले, पुन्हा हसले.
"पंचवीसच्या डीपीवर आमी चाळीसचा लोड ओढला,
हरभऱ्याच्या पान्यापायी, अख्खी थंडी.
प्लेटीवर लिवलेलं असते थे मानसासाठी.
यंत्राले वाचता येत नाई."

मग व्होल्टेज.
एक पॉइंट दोन होतं, एक पॉइंट पस्तीस केलं.
भाजीत पडलं तर कळणारही नाही इतकं मीठ.
सोळा, अठरा, अठरा, छत्तीस,
सुगत सांगत गेला, मी वहीत उतरवत गेले.
शेजारच्या पानावर
कुणाच्या तरी ब्लाऊजची मापं होती,
छत्तीस तिथेही होतं.

रात्रभर तपासणी.
प्रत्येक घरात एक आकडा ठेवायचा,
परत येऊन विचारायचं, काय ठेवलं होतं?
चौसष्ट अब्ज घरं.
कूलरच्या टाकीत दोनदा पाणी ओतलं.
पहाटे पावणेचारला हवा उतरली तेव्हा
चार फेऱ्या झाल्या होत्या. चूक शून्य.
सुगतनं मला झोपेतून उठवून
ते शून्य दाखवलं.

भोयरांचं लग्न चाळीस मिनिटं आधी तयार झालं.
गोटाफोडेंचं त्याहून लवकर.
आम्ही चक्क दुपारी जेवायला लागलो.

बारा मेला पत्रा बोलायला लागला.
बाहेर शेहेचाळीस,
बोर्डावरचा काटा एकशे ऐंशीवर थरथरत,
कूलर नुसताच कण्हत.
त्या दुपारी ढबाळेंच्या लग्नात
एक तास बारा मिनिटं सात सेकंदांवर
नवरदेवाच्या कपाळावरून हिरवी रेघ गेली.
एकच फ्रेम.
कुठल्या तरी एका घरात
शून्याच्या जागी एक जाऊन बसला होता,
आणि विचारलं तर शपथेवर सांगत होता
मी आधीपासून इथेच आहे.

नवरीच्या आईनं व्हिडिओ तीनदा पाहिला.
रडली ती दुसऱ्याच ठिकाणी.

मी संध्याकाळी बाबांना विचारलं,
त्या डीपीचं पुढे काय झालं?
बराच वेळ ते रस्त्याकडे पाहत राहिले.
रेतीचा एक ट्रॅक्टर गेला, मग दुसरा.
"तेल तापे तिचं.
मी पोतं ओलं करू करू गुंडाळो.
एका दुपारी पोतं सुकलं होतं."
आणि डावा हात
त्यांनी सावकाश उशीखाली सारला.

सुगत आतून ऐकत असावा.
वहीत आता दोन ओळी आहेत, त्याच्या अक्षरात:
रात्री बत्तीसशे.
दुपारी एकोणतीसशे तेहेतीस, अन् कूलर आधी भरायचा.
सव्वीसशे कुठेच नाही. तो हट्टी आहे.

ढबाळेंची पेनड्राइव्ह परत मागवावी
असं मला दोन दिवस वाटलं.
नाही मागवली.
गिरडला त्यांच्या टीव्हीवर
सगळे जमून बसतात तेव्हा
सेकंदाच्या पंचविसाव्या भागापुरता
तो पोरगा हिरवा होतो,
आणि कुणी तरी, बहुतेक लहान मूल,
म्हणतं, थांबा, मागं घ्या.
मागं घेतात.
काही दिसत नाही.