पोकळ

मिरजेत, सतारीच्या गल्लीत
ताजुद्दीनमामू भोपळ्याला टिचकी मारून कान लावतात.
जितका पोकळ, तितका गोड.

माझ्या हाडांचं उलटं आहे.
दमा आवरणारी इवलीशी गोळी
तीन वर्षं आतून कोरत आलीय म्हणे;
डॉक्टरीणबाईंनी फोटोवर पेन टेकवून दाखवलं.
मनानं बंद करायची नाही, हे दोनदा बजावलं.

म्हणून जेवणावर कॅल्शियम, खडूच्या चवीचं,
आणि रविवारी दुधातून ‘ड’ची पुडी.
(विसरले तर सोमवारी.)

सकाळी माडीवर
वाळत घातलेल्या भोपळ्यांच्या रांगेत
मीही बसते, बाह्या वर सारून.

मामू येतात, एकेकाला वाजवत
माझ्या डोक्यापर्यंत पोचतात.
टक्.
"हा ओलाय अजून.
राहू दे उन्हात."