तिसरा रकाना

मी पाय बनवतो.
बाट्टामबांगच्या बाहेर, सांगके नदीच्या वळणाला,
शेडमध्ये भट्टी, प्लास्टरची पोती,
तपकिरी प्लास्टिकचे पत्रे, सगळे एकाच छटेचे,
कातडीचा रंग कुणाचा कसाही असो.

माझ्या वहीत चार रकाने आहेत.
काय दुखतं. कशानं. थांबेल का. काय करायचं.
तिसरा मी कोराच सोडतो.
माणसं विचारतात, मी पट्टा आवळतो.

म्येआस सारुन आला तो भाताची लावणी उरकून.
डावा पाय गुडघ्याखाली नाही, एकतीस वर्षं.
बांबूच्या बेटात म्हैस शोधायला गेला होता.
म्हैस सापडली, हे तो आवर्जून सांगतो.
म्हणाला, तुझ्या पायाची तक्रार नाही,
तक्रार जुन्याची आहे.
रात्री अंगठा मुडपतो, शेजारच्या बोटावर चढतो.
जो नाही, तो अंगठा.
खाजवायला हात जातो आणि चटई लागते.

मी लिहिलं: काय दुखतं – नसलेलं.
पेन्सिल तिथेच थांबली.

बाकावर एक म्हातारे भिक्खू होते,
लोक ता म्हणतात त्यांना सगळे,
उजव्या पायाचा स्क्रू ढिला झाला म्हणून आलेले.
त्यांनी विचारलं, दुखतं ते कुणाचं?
सारुन उखडला. माझं! आणखी कुणाचं?
ते इतके हसले की माझ्या हातून पाना निसटला.
"हे 'माझं' फार घट्ट बसलंय रे," मला म्हणाले,
"तुझ्या पट्ट्यांपेक्षा."

गावातल्या बायकांचं म्हणणं वेगळं:
पुरताना वाकडा ठेवला असेल. उकरा, सरळ करा.
तर रविवारी आम्ही गेलो,
सारुन, त्याची बायको फाल्ली, मी,
आणि लोक ता, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं.
फाल्लीनंच पुरला होता तेव्हा, चौकड्याच्या पंचात गुंडाळून,
चिंचेच्या बुंध्यापासून सात पावलं,
तिची सात.
हातभर खणलं. मग कमरेइतकं.
मुळं. मुंग्यांची अंडी. बशीचा एक तुकडा.
हाड नाही, नख नाही, पंचाचा धागा नाही.
चिंच मात्र डवरलेली.

सारुन काठावर बसला, मी केलेला पाय खड्ड्यात सोडून.
"मग एकतीस वर्षं मी अंगठा कुणाचा सांभाळला?"
कुणी बोललं नाही.
लोक तांनी वाकून खड्ड्यात पाहिलं,
ओळखीच्या घरात डोकवावं तसं.

फाल्लीनं डबा उघडला. भाताची वाफ.
सारुननं बोटं घातली आणि झटकली.
"निवू दे जरा," ती म्हणाली.
"विस्तवावरून उतरवलाय, आता निवायचंच आहे त्याला.
तू सारखा हात नको घालूस."
लोक तांनी मान वर केली.
साठ वर्षांच्या पाठांतरातला एक शब्द
कुणी डब्यातून काढून समोर ठेवावा, तसे बघत राहिले.
बोलले काहीच नाही. दुपार कलली होती,
त्यांना जेवता येणार नव्हतं. नुसता वास घेत बसले.

खड्डा बुजवला. काढलेलीच माती, तरी कमी पडली.

अंगठा गेला का? नाही.
पाऊस ओसरताना सारुन पट्टा बदलायला आला, तेव्हा विचारलं.
"येतो की. दोनच्या सुमाराला. वळवळतो.
पूर्वी मी उठून शिव्या द्यायचो,
म्हशीला, बांबूला, ज्यानं सुरुंग पेरला त्याला.
दुखणं मूठभर, वर मी रचलेली गंजी, ती रात्रभर जळायची.
आता पडून राहतो. बघतो.
कधी बघायचंही विसरतो, मग पुन्हा जळतं थोडं.
पण गवत मिळालं नाही की
काढता पाय घेतो तो."
आणि स्वतःच्याच बोलण्यावर असा खदखदला
की भट्टीजवळचा पोरगा दचकला.

मी वही उघडली. तिसरा रकाना.
"हो" लिहिलं. खोडलं.
"निवतं" लिहिलं, पुसट.
चौथ्यात, रोज चालणं,
आणि पट्ट्याचा नंबर.

बाहेर एक बाई पोराला पाठीवर घेऊन उभी.
प्लास्टर कालवलं, पोराच्या मांडीभोवती लपेटलं.
घट्ट होताना ते तापतं, पोरं घाबरतात.
हलू नकोस, म्हटलं. मी धरलंय.
तापेल थोडं.
मग आपोआप.