पाणसळ

पवननगरच्या बाजारामागे भंगारवाल्याकडून
साठ रुपयांना पॅलेट आणलं, अंबडच्या कुठल्याशा कंपनीचं,
अंगावर अजून बाण: ही बाजू वर.
खिळे उपटता उपटता संध्याकाळ गेली.
वाकडे झालेले उंबऱ्यावर ठोकून सरळ केले,
तेवढेच वीस रुपये वाचले.

ड्रिल मशीन निकुंभ भाऊंचं.
"सिडकोची भिंत आहे, जपून," म्हणाले,
"पलीकडे आमचं देवघर."

मग नळी. दोन मीटर, पारदर्शक,
पाण्यात चिमूटभर कुंकू, दिसावं म्हणून.
एक टोक माझ्या हातात, एक प्रांजलच्या.
ती श्वास रोखून उभी,
जरा हललं तर गंगेला पूर येईल अशी.
पाणी डुललं, डुललं, थांबलं.
तिथे पेन्सिलीची खूण.

फळी बसली. दोन पावलं मागे सरले
तर चक्क डावीकडे वर गेलेली.
पुन्हा नळी.
पुन्हा तेच.

मग लक्षात आलं, छत उतरतंय,
फरशी उतरतेय, खिडकीची चौकटसुद्धा.
एकोणीस वर्षं आम्ही उतारावर जेवतोय
आणि आमटी एकाच बाजूला पळते
म्हणून ताटांना नावं ठेवतोय.

येणारा-जाणारा म्हणतो, वाकडी लागलीय.
निकुंभ भाऊ तर मान कलवून बघतात.
प्रांजल काही बोलत नाही,
लोणच्याच्या बरणीमागून गोटी काढते,
फळीवर ठेवते.
गोटी हलत नाही.

"आता खाली ठेवून दाखव," मी म्हणते.
खाली ठेवली की ती निघते,
पलंगाखालून, शिलाई मशीनला वळसा घालून,
मोरीकडे.