स्पंज

कुर्ल्याच्या बाजारात अन्सार म्हणाला,
"गोल्डफिश म्हणजे खादाड जात, मॅडम.
टाकी चाळीस लिटरची? मग फिल्टर ऐंशीचा घ्या."
मी सगळ्यात स्वस्त कुठला ते विचारत होते.

शेवटी साधा स्पंजवाला घेतला, काळा.
पंप देव्हाऱ्याशेजारी फळीवर, पाण्याहून उंच,
वीज गेली तर पाणी उलटं चढू नये म्हणून.
रात्रभर गुर्रगुर्र.
उन्मेष म्हणाला, घर आहे की गिरणी?
चार दिवसांनी त्याला त्याशिवाय झोप येईना.

मग एका रविवारी मी स्पंज धुतला.
आईनं शिकवलं तसा:
नळाखाली, साबण लावून, पिळून पिळून,
नितळ पाणी येईपर्यंत.
वाळवलासुद्धा, खिडकीच्या ग्रिलमध्ये, मोज्यांच्या शेजारी.

बुधवारी पाणी दुधाळ.
दोन्ही मासे वर येऊन
तोंड उघडत होते, मिटत होते.

अन्सार फोनवर हसला नाही.
"स्पंजमध्ये जे जिवाणू राहत होते,
घाण तेच खात होते, मॅडम.
तुम्ही त्यांनाच धुतलंत."

मोठा गेला. शेपटीवर डाग असलेला राहिला.

आता पहाटे साडेचारला पाणी आलं की
बादली भरून ठेवते, दिवसभर उघडी.
टाकीतलंच पाणी तपेलीत काढून
स्पंज त्यात दाबते, दोनदा.
हात तिसऱ्यांदा जातो.
मागे घेते.

तपकिरी, बुळबुळीत,
तसाच परत लावते.
आई चेंबूरला येते तेव्हा
टाकीवर टॉवेल टाकते.