एक जानेवारी

आधारकार्डावर इंजाआत्याचा जन्म एक जानेवारीचा.
बोरटोल्यात तिच्या वयाचे जे कुणी उरले
ते सगळेच एक जानेवारीचे.
"त्या दिवशी एकट्या सुईणीनं
कसं निभावलं असंन रे," ती म्हणते,
आणि उरलेल्या दोन दातांनी हसते.

साल मात्र तिचं तिला ठाऊक:
ज्या वर्षी तलावाची पाळ फुटली
आणि मासे बांध्यांमध्ये, धानात शिरले,
त्या वर्षी ती आईच्या पाठीवर बांधलेली होती.
हिशेब केला तर एक्क्याण्णव भरतात.
तिनं कधी केला नाही.

आम्ही नागपुरातून केक नेला,
साकोलीपर्यंत मांडीवर सांभाळत,
आणि एक काठी. चार पायांची, रबरी बुडाची,
डॉक्टरांनी सांगितलेली.
दाराला कुलूप नव्हतं, सुतळी होती.
शेजारचा कवडू म्हणाला, "बुढी पाण्यात हाये."

पाळीवर चढलो तर
शिंगाड्याच्या वेलांमधून डोंगा येत होता, सावकाश,
आणि त्यात उकिडवी ती,
एका हातानं वेल उलटा करून
काटे चुकवत काळे शिंगाडे खुडणारी.
शेवटची तोडणी.
बाकीच्यांनी जे सोडून दिलं ते.

"आत्या, बाहेर ये!" बाबा ओरडले.
बाबा अडुसष्टचे, दोन्ही गुडघे बदललेले.
"टोपली भरू दे," ती म्हणाली.
मग अर्धा तास आम्ही वाऱ्यात,
केकसकट उभे.

तिच्या बोटांना रेषा उरलेल्या नाहीत.
काट्यांनी, जाळ्यांनी, भांड्यांच्या राखेनं
घासून नेल्या.
बँकेतलं यंत्र म्हणतं, पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा,
ती अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवते,
आणि ती जिवंत आहे हे यंत्राला काही पटत नाही.
यंदा तिनं साहेबाच्या टेबलावर
शेरभर शिंगाडे ओतले.
"हे कोनं तोडले मंग? माह्या भुतानं?"
निराधारचे पैसे त्याच दिवशी मिळाले.
निराधार, हा शब्द तेवढा
तिला आवडत नाही.

बाबांनी विषय काढला, दरवर्षीचा:
नागपूरला चल, लिफ्ट आहे, गिझर आहे,
रात्री काही झालं तर...
"रात्री काय व्हते?" ती चूल फुंकत म्हणाली.
"रात्री मी निजतो."

खोटं कशाला सांगू,
डावा डोळा आता नुसता दुधाळ.
मिठाच्या जागी एकदा सोडा पडला होता.
मोबाइलचं हिरवं बटण सापडावं म्हणून
कवडूच्या पोरीनं त्यावर टिकली चिकटवली आहे.
पण लाखोरीची डाळ तिनंच रांधली,
झिंग्यांची चटणी पाट्यावर तिनंच वाटली,
मला हात लावू दिला नाही.
केकची चव घेतली, "गोड पाव" म्हणाली,
आणि टोल्यातल्या पोरांना वाटून टाकला.
मेणबत्त्या ठेवून घेतल्या.
लाईट जाते म्हणून.

काठीकडे मात्र बराच वेळ पाहिलं,
बाजारात बकरी पाहावी तसं.
चारही पाय तपासले.
"चांगली हाये."
दुपारी पाहतो तर काठी अंगणात उभी,
तिच्यावर जाळं वाळत.

फाट्यापर्यंत सोडायला आली.
पुढे ती, मागे बाबा थांबत थांबत,
माझ्या पिशवीत उकडलेले शिंगाडे,
कापडातून मांडीला चटका देणारे.
बस लागली, आम्ही चढलो,
खिडकीची काच जोर लावून सरकवली,
हात बाहेर काढला,
तर ती निम्म्या वाटेवर पोचलेली.
पाठमोरी, लुगड्याचा काष्टा आवळत.
डोंगा बांधायचा राहिला होता.