दोन बोटं जागा

एरंडोलला आमच्या घरी दोन पत्रकं
बिबड्यांच्या डब्याखाली दाबलेली, पंधरा दिवस.
एक गुळगुळीत: गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली गोरी मुलगी,
शंभर टक्के नोकरी, एसी वर्ग, हप्त्यांची सोय.
दुसरं झेरॉक्स, तेही तिरकं,
खालची ओळ कापली गेलेली.

जळगावला जाऊन दोन्ही बघून आले.
पहिल्या ठिकाणी सर म्हणाले, बसा.
काचेच्या कपाटात एक रबरी हात होता,
कोपराच्या जरा वरपर्यंतच.
हात लावून बघू का, विचारलं
तर किल्ली म्हणे भुसावळच्या मॅडमकडे.

दुसरीकडे बसा म्हणायला कुणी नव्हतं.
हमीदा तडवी सिस्टर ट्रे घेऊन वॉर्डात निघालेल्या,
म्हणाल्या, धर हे.
धरला.
जखमेचा वास आला. तोंड फिरवलं नाही,
पोटात मात्र कालवलं.
निघताना त्यांनी माझंच बोट
माझ्या कोपराच्या खळीत ठेवलं:
डोळ्यांनी शोधू नको गं, बोटानं शोध.

रात्री आईची बाही वर सारली.
वीस उन्हाळे बिबड्या थापलेला हात;
नस दोरीसारखी बोटाखाली आली.
"हाऊ कामना हात शे," ती म्हणाली,
"डावा ले."

आता फॉर्म भरतेय.
नाव, बारावीचे टक्के, पालकांचं उत्पन्न
(आई विचारते, उन्हाळ्यातलं लिहू का पावसाळ्यातलं?)
शेवटचा रकाना: हाच कोर्स का निवडला?
जागा दोन बोटं.

टेकवून पाहिली.
बरोबर मावतात.