गड्ड्याचा ताप

अम्माला दरवर्षी गड्ड्यातच ताप येतो.
संक्रांतीला विडी कारखाना बंद,
सूप भिंतीला उभं, कात्री पेपरात गुंडाळलेली,
आणि दुपारपर्यंत अम्मा भिंतीकडे तोंड करून.
"जरम ओच्चिंदी," एवढंच म्हणते,
ओळखीचं कुणी दारात आल्यासारखं.

भूदेवक्का म्हणते, दृष्ट.
वर्षातून तीन दिवस बसलेल्या बाईला
दृष्ट लावायला कोण मोकळं आहे, ते ती सांगत नाही.
मीठमिरच्या मात्र तीच ओवाळते,
मग कुंभारीच्या घरकुलात
तासभर सगळी गल्ली खोकते.

मी यंदा मेडिकलच्या पहिल्या वर्षाला.
वहीत लिहिलंय : ताप मेंदू ठरवतो.
पेशी निरोप धाडतात,
काही रक्तातून, काही व्हेगस नावाच्या नसेनं
पोटातून थेट वर.
निरोप पोचला की मेंदू एकेक दिवा मालवतो.
भूक नको. चव नको. कुणाशी बोलणं नको.
पाठ टेक.
परीक्षेत याला पाच मार्क.
खाली मी पेन्सिलीनं लिहिलं :
म्हणजे तो आळस नव्हता.

मी चौथीत होते, चिकुनगुनियाची साथ.
अम्माची बोटं भेंडीसारखी ताठ.
मेंदू म्हणत होता नीज,
कार्ड म्हणत होतं हजार विड्या,
आणि बोटांनी कार्डाचं ऐकलं.
दोनशे विड्या छाटात गेल्या.
गुंडेटी चेकर म्हणाला, लक्ष कुठंय बाई?
लक्ष कुठं होतं
ते आज मी त्याला आकृती काढून, नावं देऊन दाखवीन.

पुढच्या पानावर बाण उलटे आहेत.
मेंदूही खाली निरोप धाडतो.
धास्ती असली की मूत्रपिंडावरच्या दोन टोप्यांतून
कॉर्टिसॉल सुटतं
आणि आतल्या शिपायांना दटावतं : गप्प. आत्ता नाही.
सर म्हणाले, हे थोड्या वेळापुरतं असतं.
मी हात वर केला. थोडा म्हणजे किती?
वर्ग हसला.
अकरा महिने चालेल का, हे विचारायचं राहिलं.

तासानंतर जिन्यात गाठलं त्यांना.
काम थांबलं की ताप येतो, असं असतं का, सर?
ते चष्मा पुसत म्हणाले, लोक म्हणतात तसं,
पण नीट सिद्ध झालेलं नाही.
मग विचारलं, कोण आजारी आहे?
मी म्हणाले, कुणी नाही.
हे उत्तर मी घरातूनच शिकलेय.

आज धाकटा श्रीनिवास गड्ड्यात गेलाय, पाळण्यात बसायला.
अम्माच्या कपाळावरची घडी तिसऱ्यांदा भिजवली.
एकशे दोन.
डोळे न उघडता तिनं विचारलं,
उद्याची पानं भिजत घातलीस?
हो, म्हणाले.
तिचा श्वास जरा सैल झाला.

बादली पालथी होती.
मी तिच्यावरच बसले होते.